गोष्टी सांगणं म्हणजे तासाची नासाडी?

दुसरीची बाई: ‘प्राथमिकच्या वर्गात लोककथा म्हणजे तासाची नासाडी, मुलं रमतात पण शिकत काही नाहीत’ असं काल इथे कुणीतरी बिनदिक्कत लिहिलं. राहवलं नाही. लोककथेत तीच ओळ पुन्हा पुन्हा येते, ती उगाच नाही. तिसऱ्या वेळी अख्खा वर्ग ती माझ्याआधी म्हणतो, ज्याला अक्षरं जुळत नाहीत तोसुद्धा. मग तीच ओळ फळ्यावर लिहिली की त्याचं बोट बरोबर त्या त्या शब्दाखाली सरकतं. याला पाठांतर म्हणा हवं तर. माझ्या वर्गात वाचन इथूनच सुरू होतं.

गणितप्रेमी: ते मीच लिहिलं आणि अजूनही ठाम आहे. हल्ली अपूर्णांकही गोष्टीतून शिकवतात! माझ्या मुलीला दोन मांजरं, माकड, तराजू सगळं पाठ आहे. अर्धा मोठा की एक तृतीयांश, विचारलं की गप्प.

दुसरीची बाई: अहो, माकडाने पहिला घास घेतला की गोष्ट थांबवून ‘आता कुठलं पारडं वर गेलं?’ हे विचारायचं असतं. नुसती सांगून मोकळं झालं तर काय उरणार?

जुना वाचक: मूळ दुखणं वेगळंच आहे. हल्लीच्या गोष्टींचे दात पाडलेत. लांडगा कुणाला खात नाही, शेवटी सगळे मित्र. फ्रेंच लेखक पेरोच्या १६९७च्या कथेत लाल टोपीवालीला लांडगा खातो आणि गोष्ट तिथेच संपते. तिला पोटातून जिवंत बाहेर काढली ती जर्मन कथासंग्राहक ग्रिम बंधूंच्या कथेत. मुलांना भीती पचते, पालकांना पचत नाही.

सावत्र आई: पचते? मी सावत्र आई आहे. वर्गात हिमगौरी सांगितली त्या संध्याकाळी लेकीने दप्तर खाली न ठेवताच विचारलं, “तू पण मला जंगलात पाठवणार?” त्या रात्री ती माझ्याजवळ झोपली नाही. सांगा आता, काय पचलं?

जुना वाचक: एका घरासाठी शेकडो वर्षांच्या कथा बदलायच्या का?

सावत्र आई: ‘एका घरासाठी’? अशा घरातली मुलं प्रत्येक वर्गात असतात, जरा बघा. आणि ग्रिमांच्या १८१२च्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठते ती सख्खी आई. १८१९मध्ये त्यांनी तिला सावत्र केली. त्यांनी बदललेलं चालतं, आमच्या बाईंनी बदललं की दात पाडले?

जुना वाचक: आवृत्तीचं बरोबर आहे तुमचं. तरी लांडग्याला मित्र करणं मला पटणार नाही.

दुसरीची बाई: मी राणी म्हणते, सावत्र म्हणत नाही. दुष्टपणा तसूभरही कमी करत नाही.

गणितप्रेमी: धागा गेला हिमगौरीकडे. वाचनाचं मानतो, नाइलाजाने. पण अपूर्णांकाला कागदाची घडीच हवी.

दुसरीची बाई: घडी घालायला देतेच मी. पण आधी माकड येतं.