मदत हवी आहे : घरातल्या दोन मांजरांची भांडणे कशी थांबवावीत?

नमस्कार. आम्ही सोलापुरात, जुळे सोलापूर भागात तळमजल्यावर राहतो. घरात ठमी ही भाटी आणि तिच्याहून वर्षभराने लहान असलेला गणू हा बोका अशी दोन मांजरे आहेत. दोघांचीही नसबंदी पूर्वीच झालेली असून आतापर्यंत ती एकाच चादरीवर अंगाला अंग लावून झोपत असत, त्यामुळे सध्या जे चालले आहे त्याचा उलगडा होत नाही.

उन्हाळ्यात इथला पारा चाळिशीपलीकडे गेला की संध्याकाळी मागचे दार उघडे टाकून नुसते जाळीचे दार लावल्याशिवाय घरात बसवत नाही. त्या जाळीपाशी बाहेरचा एक दांडगा बोका येऊ लागला आहे. एका संध्याकाळी तो कुंपणाच्या भिंतीवर बसलेला असताना ठमी जाळीला नाक लावून, शेपूट फुलवून घशातून लांब सूर काढत होती. गणू मागून सहज तिचा वास घ्यायला गेला आणि ती गर्रकन वळून त्याच्यावरच तुटून पडली. तेव्हापासून रोजची झोंबाझोंबी नसली, तरी ठमी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसून गणूकडे एकटक पाहत राहते. लिटर ट्रे त्या पलीकडे न्हाणीघराशी असल्याने तो तिकडे जायचे टाळतो आणि चादरींच्या घडीवर लघवी करतो. (जाड सोलापुरी चादरीतून तो वास घालवणे किती जिकिरीचे असते, हे इथल्या लोकांना सांगायला नको.) डॉक्टरांनी दोघांना तपासले असून दुखणे काही आढळले नाही.

सासूबाईंच्या मते त्यांना भांडू द्यावे, आपोआप मिटेल. हे खरे मानावे का? खेळ आणि भांडण यांतला फरक कसा ओळखावा? आणि दोन खोल्यांच्या घरात त्यांना वेगळे ठेवायचे तर कसे?

प्रतिसाद :

आपण सांगितलेल्या प्रसंगातच उत्तर आहे. ठमीचा राग बाहेरच्या बोक्यावर होता. बोका हाती लागत नव्हता, म्हणून तो राग जवळ आलेल्या गणूवर निघाला. मांजरांत हे वरचेवर दिसते. अडचण अशी की त्या एका प्रसंगानंतर दोघेही एकमेकांना धोका समजू लागतात, म्हणून सासूबाईंचा मान राखून सांगतो, हे आपोआप मिटेल याचा भरवसा नाही. प्रत्येक नव्या झटापटीने ते अधिक पक्के होते. खेळात मांजरे बहुधा आवाज करत नाहीत, नख्या आत ठेवतात आणि आळीपाळीने वर-खाली होतात. फिसकारणे, कान मागे पाडणे आणि एकानेच सतत पळणे हे भांडण होय, आणि उंबरा अडवून नुसते टक लावून बसणे हेही त्यातलेच.

प्रथम जाळीचा खालचा भाग पुठ्ठ्याने झाका, म्हणजे वारा येईल पण बोका दिसणार नाही. त्याने भिंतीवर लघवीचा फवारा मारला असेल तर ती जागा धुवा, आणि जमल्यास त्याचीही नसबंदी करून घ्या. मग दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत ठेवा. बंद खोलीत पंखा आणि पाणी हवेच. एकाच्या गालावरून फिरवलेले फडके दुसऱ्याच्या जेवणाच्या जागी ठेवा, कारण मांजर ओळख पटवते ती मुख्यतः वासावरून. बंद दाराच्या दोन्ही बाजूंना एकाच वेळी जेवण द्या आणि दोघेही निवांत खाऊ लागले की दार थोडे किलकिले करा. याला आठवडे लागू शकतात. एकाने जरी फिसकारले तरी एक पायरी मागे यावे.

दोन मांजरांना तीन ट्रे असावेत आणि तेही वेगवेगळ्या ठिकाणी, कारण शेजारी-शेजारी मांडलेले दोन ट्रे अडवून बसणाऱ्या मांजराच्या दृष्टीने एकच ठरतात. गणूसाठी एक ट्रे उंबऱ्याच्या अलीकडे आजच ठेवा. लघवीची जागा फिनेलने पुसू नका. त्यातले फिनॉल मांजराच्या यकृताला पचत नाही. त्याऐवजी लघवीचे डाग काढणारे एन्झाइमयुक्त द्रावण वापरा. तपासणी झालेली असली तरी गणू पुन्हा पुन्हा बसून कुंथत असेल आणि लघवी होत नसेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या; बोक्यांत मूत्रमार्ग तुंबणे जिवावर बेतते.

भांडण पेटलेच तर हात घालू नका, मध्ये उशी किंवा पुठ्ठा सरकवा. दात किंवा नखी लागलीच तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवून रेबीजच्या लसीसाठी लगेच दवाखाना गाठा, मग मांजर घरचे का असेना.