सोसायटी ग्रुप: घसरगुंडीपाशी मोबाईल

बी-४०२ (७:४८): नमस्कार. कोणाचं नाव घेत नाही, पण आज बोलायलाच हवं. संध्याकाळी घसरगुंडीपाशी पाच पिल्लं होती, सगळी तीनच्या आतली. त्यातली तिघं एका मोबाईलला चिकटलेली. तिथून उचलून आणलं तर माझी अडीच वर्षांची लेक पायऱ्यांवर लोळून रडली, पाऊण तास. आम्ही तिला फोन देत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. 🙏

सी-५०१ काका: २ वर्षांखाली स्क्रीन शून्य. २ ते ४ वर्षं, दिवसाला १ तासाच्या आत, त्याहून कमी तर उत्तमच. जागतिक आरोग्य संघटना, २०१९. मी मागेही टाकलं होतं, कोणी वाचलं नाही.

ए-१०३: नाव न घेताही कळलं. मोबाईल माझा होता.

बी-४०२: वहिनी, तुम्हाला उद्देशून नव्हतं हो.

ए-१०३: तिथे दुसऱ्या कोणाचा होता का? ऑफिसचा कॉल चालू होता दुसऱ्या फोनवर. मुलगा गेटकडे पळतो, मागच्या वेळचं सगळ्यांना आठवत असेल. एका जागी बसावा म्हणून दिला. दहा मिनिटं.

डी-२०२: दहा की पंचवीस, सीसीटीव्ही बघू या 😄 चालू असला तर.

सेक्रेटरी: कॅमेरा चालू आहे. आणि डी-२०२, तुमच्या थकबाकीबद्दल मी वैयक्तिक कळवलं होतं.

डी-२०२: मग इथे कशाला लिहिता?

सेक्रेटरी: हा मेसेज डिलीट केला गेला

डी-२०२: वाचला सगळ्यांनी.

सी-५०१ काका: विषयावर या. २ वर्षांखाली शून्य. २ ते ४ वर्षं १ तासाच्या आत.

ए-३०४ आजी: अहो पण काका माझा नातू दीड वर्षाचा आहे. तो मला फक्त व्हिडिओ कॉलवरच दिसतो. तेही बंद करायचं का. काल त्याने खेळण्यातला कप स्क्रीनला लावला, मी इकडून प्यायले, मग त्याने परत भरून दिला. अकरा वेळा

बी-१०१ ताई: आजी, मुळीच बंद करू नका. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये १८ महिन्यांखालच्या मुलांना स्क्रीन टाळा असं सांगितलं, तेव्हाच व्हिडिओ कॉल त्यातून वगळला होता. तुम्ही पिता, तो भरतो. त्याने काही केलं की समोरून उत्तर येतं. कार्टून कधी थांबून त्याची वाट बघत नाही.

ए-३०४ आजी: 🙏🙏 देव तुझं भलं करो

बी-१०१ ताई: न बोलणारी मुलं माझ्याकडे येतात, म्हणून थोडं लांब लिहिते. बाळं भाषा कशी शिकतात यावर काम करणाऱ्या अमेरिकन संशोधक पॅट्रिशिया कुल यांचा २००३ मधला प्रयोग आहे. ९ महिन्यांच्या अमेरिकन बाळांसमोर बसून चिनी भाषा बोलणारी माणसं खेळली, पुस्तकं वाचली. १२ वेळा. बाळं त्या भाषेतले ध्वनी ओळखू लागली. दुसऱ्या गटाला त्याच माणसांचं तेच बोलणं टीव्हीवर दाखवलं. त्यांना काहीच आलं नाही, जणू ऐकलंच नव्हतं. म्हणून पालक ‘शिकवणारा व्हिडिओ आहे’ म्हणतात तेव्हा मी विचारते, शेजारी कोण बसलं होतं? दोनच्या पुढच्या मुलाबरोबर बसून बघितलं, ‘हा बघ कुत्रा, आपल्या गेटवर असतो तसा’ म्हटलं, तर त्या अर्ध्या तासातून काहीतरी हाती लागतं. एकट्याला दिलं की तो नुसता शांत बसतो.

सी-५०१ काका: म्हणजे १ तासाच्या आतच ना?

बी-१०१ ताई: हो काका, तासाच्या आतच. पण बरोबर बसून.

ए-१०३: ताई, बरोबर बसायला माणूस कुठून आणू? हे महिन्यातले वीस दिवस बाहेर. मला हौस नाही फोन द्यायची. इथे सल्ला सगळे देतात, पोराला धरायला कोणी येत नाही.

(कोणीच काही लिहिलं नाही. ८:३१ ते ८:४४.)

ए-१०३: आणि बी-४०२ ताई, आता निघालंच आहे तर बोलते. तुम्ही लेकीला फोन देत नाही, खरं आहे. पण आज ती तुमच्याकडे एक पान घेऊन आली होती. तीनदा. तुम्ही दरवेळी ‘हं, छान’ म्हणालात, मान वर न करता. शेवटी तिने ते पान तुमच्या फोनवर ठेवलं. तुम्ही झटकलंत. त्यानंतर ती माझ्या मुलाकडे आली.

डी-२०२: बापरे.

सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक टीका नको. जनरेटरची मीटिंग रविवारी ११ वाजता, सर्वांनी यावे.

बी-१०१ ताई: सेक्रेटरी, जनरेटर नंतर. हे वैयक्तिक असलं तरी विषयाचा गाभा हाच आहे. २०१७ मध्ये २ वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग झाला. आईने मुलाला दोन नवे शब्द शिकवायचे. एक सलग, दुसरा शिकवताना मधेच तिला फोन. दोन्ही शब्द सारख्याच वेळा उच्चारले गेले. फोनने तुटलेला शब्द मुलांना आला नाही. आणि घरात नुसता टीव्ही चालू ठेवणाऱ्यांसाठी: २००९ च्या एका अभ्यासात टीव्ही ऐकू येत असलेल्या दर तासामागे मुलाच्या कानावर मोठ्यांचे ७७० शब्द कमी पडत होते. मूल बघत नसलं तरी आपलं बोलणं कमी होतं. मुलाच्या हातातला फोन सगळ्यांना दिसतो, आपल्या हातातला कोणी मोजतच नाही.

डी-२०२: आमच्याकडे जेवताना बातम्या चालू असतात. आता बंद करतो. खरंच.

सी-५०१ काका: बातम्या १ तासाच्या आत धरायच्या की वेगळ्या?

ए-३०४ आजी: काका आता पुरे

बी-४०२ (९:१०): वहिनी, मी आधी रागाने बरंच टाइप केलं होतं. पुसलं. पान आठवतंय मला, झटकलेलंही. त्या वेळी मी हाच ग्रुप वाचत होते.

ए-१०३: मीही जरा जास्तच बोलले.

बी-४०२: नाही, बरोबर बोललात. तुमचा संध्याकाळचा कॉल रोज असतो का?

ए-१०३: सोमवार ते गुरुवार, सहा ते साडेसहा.

बी-४०२: मग त्या वेळेत मी दोघांना बघते. फोन वर घरी ठेवून येईन, काही लागलं तर वॉचमनदादांना सांगा. शुक्रवारी तुम्ही दोघांना घ्या, मला बाहेरची कामं असतात. गेटची कडी मात्र लावायला हवी, सेक्रेटरी.

सेक्रेटरी: कडी उद्या बसवून घेतो.

ए-१०३: त्याला चेंडू दिला की तो पळत नाही. निळाच लागतो.

ए-३०४ आजी: मी पण येत जाईन खाली. गुडघे दुखतात पण बाकावर बसून गप्पा मारीन त्यांच्याशी. पान कसलं होतं ग

बी-४०२ (९:३६): आत्ता झोपलीये ती. फ्रॉकच्या खिशात सापडलं. चुरा झालाय, ओळखू येत नाही. उद्या तिलाच विचारते.