मदत हवी आहे: कोंबड्यांच्या राखणीसाठी बंदूक कोणती घ्यावी?

मंडळी, जरा सल्ला पाहिजे. परसातल्या कोंबड्यांवर रात्रीचं कोणीतरी हात साफ करतंय, खुराड्याच्या जाळीखालची माती उकरलेली आणि बाहेर पिसांचा खच, म्हणजे कोल्हाच असणार, मुंगूस एवढं मोठं भगदाड पाडत नाही. लायसन्सचं आणि कुठल्या प्राण्याला मारायला परवानगी आहे ते आधी बघणारच आहे, पण बंदूक घ्यायची झाली तर कोणती? पॉइंट २२ (नळीचं माप, इंचात) रायफलला धक्का कमी, आवाजही कमी, पण नेम चुकला तर गोळी २ किलोमीटरच्या वर जाऊ शकते आणि कडक जमिनीवरून उसळते ते वेगळंच, आजूबाजूला घरं आहेत त्यामुळे भीती वाटते. मग २० गेजची (हेही नळीचं माप) शॉटगन, म्हणजे छर्ऱ्यांची बंदूक, बरी का? तिचे बारीक छर्रे फार लांब जात नाहीत, पण फाकतात, कोल्ह्याच्या शेजारी कोंबडी असली तर तीच मरायची! साधी एअर रायफल कोल्ह्याला नुसती जखमी करेल, ते नकोच. अंधारात टॉर्च कुठे लावता, नळीवर की डोक्याला, तेपण सांगा. आणि "आधी जाळी जमिनीत फूटभर पुरा" म्हणणाऱ्यांनो, ते काम चालूच आहे ओ.