ध्रुवांपुरता प्रश्न नाही
चुंबकीय वादळांचा, म्हणजे सूर्याकडून येणाऱ्या कणांच्या झोतांमुळे पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रात उठणाऱ्या खळबळीचा, त्रास ध्रुवांकडच्या देशांना, आपल्या कोल्हापूरला त्याचे काय, असा मुद्दा मांडला जातो; तो ध्रुवीय प्रकाशापुरता मान्य आहे. रेडिओ लहरींच्या बाबतीत मात्र तो टिकत नाही. कोल्हापूर चुंबकीय विषुववृत्तापासून (पृथ्वीचे चुंबकक्षेत्र जिथे जमिनीला समांतर असते त्या रेषेपासून) फार दूर नाही, आणि याच पट्ट्यात सूर्यास्तानंतर आयनांबराच्या (वातावरणाच्या उंचावरील विद्युतभारित भागाच्या) वरच्या थरात विरळ प्लाझ्माचे, म्हणजे विद्युतभारित वायूचे, बुडबुडे तयार होऊन वर चढतात, ज्यांतून येताना उपग्रहांचे संदेश थरथरतात आणि जीपीएसची अचूकता घसरते. वादळाच्या वेळी ध्रुवांकडून थेट विषुववृत्तापर्यंत पोचणारे विद्युतक्षेत्र संध्याकाळी आले, तर हा थर आणखी उचलला जाऊन बुडबुडे बळावतात. वादळामुळे काही तासांनी बदललेले उंचावरचे वारे मात्र त्यांना दाबूनही टाकू शकतात. त्यामुळे वादळ किती मोठे यापेक्षा त्याचा जोर आपल्याकडे किती वाजता आला, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते.

शिवाजी विद्यापीठाच्या आवारात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे केंद्र आहे (शहरात हे फारसे कोणाला ठाऊक नसते), आणि तेथून रात्रीच्या आकाशातील मंद वायुदीप्तीची (उंचावरील वायूंतून निघणाऱ्या अंधुक प्रकाशाची) छायाचित्रे घेऊन हेच बुडबुडे अभ्यासले गेले आहेत. छायाचित्रांत ते उत्तर-दक्षिण पसरलेल्या काळ्या पट्ट्यांसारखे दिसतात आणि बहुधा पूर्वेकडे सरकतात.