मदत हवी आहे: मोडी पत्रातला 'सन १२१६' म्हणजे कोणतं साल? (घाई आहे)

घाईतली
आमचा कुलवृत्तांत आठ दिवसांत छापायला जातोय. सहा पिढ्यांमागच्या एका पूर्वजांच्या नावापुढे एकच ओळ आहे, "काशीयात्रेस गेले, परत आले नाहीत." आजी मात्र म्हणायची, "कसली काशी! लुटीच्या घोड्यावर बसून गेला मेला." आता माळ्यावरच्या पितळी डब्यात त्यांची दोन मोडी पत्रं निघाली. जाणकाराकडून वाचून घेतली. एकावर सन १२१६ आहे. काका म्हणतात फसली (महसुलाच्या कागदांतली कालगणना), म्हणजे १८०६. बरोबर आहे का? लवकर सांगा.

नाना डोंबिवलीकर
कुठलं गाव, आडनाव काय, पत्र कुणी कुणाला लिहिलंय? एका आकड्यावरून काय सांगणार, कपाळ?

घाईतली
गाव खानदेशात. आडनाव सांगत नाही, काका इथे वाचतात. पत्र यांनीच धाकट्या भावाला लिहिलंय.

मोडीवेडा
साल आकड्यांत आहे की शब्दांत? 'सीत अशर मयातैन व अलफ' असं असेल तर तो शुहूर सन, मराठेशाहीच्या कागदांत अरबी शब्दांत लिहायचे ती कालगणना. त्यात ५९९-६०० मिळवायचे, म्हणजे १८१५-१६. फसलीत ५९०-५९१ मिळवतात. फरक नऊ वर्षांचा.

घाईतली
हो हो, शब्दांतच आहे, अगदी असंच. आकडा मी घातला.

महसूलवाला
शब्दांत लिहिलं म्हणून शुहूर, हे कुठून काढलंत? माझी उभी नोकरी जमिनीच्या कागदांत गेली. फसलीच चालायचं. काका बरोबर आहेत.

मोडीवेडा
साहेब, तुमचे कागद वसुलीचे. हे भावाला लिहिलेलं पत्र आहे. ताई, शके किंवा संवत्सर दिलंय का? 'युव' असेल तर शके १७३७, म्हणजे १८१५. 'क्षय' असेल तर १८०६. वाद तिथेच मिटेल.

घाईतली
संवत्सर नाही. "छ १५ मोहरम, मुक्काम नेमावर" एवढंच. (छ म्हणजे चंद्राची तारीख, असं जाणकार म्हणाले.)

कागदपत्र मदत
ताई, कुणबी नोंद शोधत असाल तर मोडीतले जुने जन्म-मृत्यूचे रजिस्टर आधी पाहा. तहसीलला अर्ज करा. आमची नोंद चार महिन्यांत निघाली.

नाना डोंबिवलीकर
तिने नोंद मागितलीय कुठे?

रावेरचा
नेमावर!! ताई, हे आधी सांगायचं ना. पेंढारी म्हणजे लुटीवर जगणारे घोडेस्वार. त्यांचा सरदार चितू, त्याची छावणी त्याच भागात. सातवास, नेमावर, सगळा त्याचाच मुलूख. १८१५ च्या दसऱ्यानंतर त्यांची टोळी नर्मदा उतरून निजामाच्या मुलखात घुसली आणि डिसेंबरात लूट घेऊन परतली.

घाईतली
काका म्हणतात, नेमावरला नर्मदेची नाभी आहे, सिद्धनाथाचं देऊळ आहे, काशीला जाताना दर्शनाला थांबले असतील.

रावेरचा
देऊळ आहे, मी पाहिलंय, सुंदर आहे. पण दर्शनाला गेलेला माणूस घरी काय लिहितो? पत्रात आणखी काय आहे?

घाईतली
फार काही नाही, घरगुतीच. थंडीने हैराण आहे, घोंगडी धाडणे. दुसऱ्या पत्रावर तारीख नाही, त्यात "पालपट्टी चुकती केली, घोडा राहिला" असं आहे. राहुट्यांवरचा कर असेल म्हणून मी सोडून दिलं.

मोडीवेडा
सोडून दिलं! मोहरमची १५ तारीख १८१५ मध्ये डिसेंबरच्या मधोमध पडते. फसली धरलंत तर १८०७ चा मार्च. खानदेशातला माणूस मार्चअखेर नर्मदाकाठी घोंगडी मागेल का?

महसूलवाला
आजारी असेल.

रावेरचा
आणि पालपट्टी म्हणजे राहुटीवरचा कर नव्हे. पेंढाऱ्यांना पगार नसायचा. उलट लुटायची परवानगी मिळावी म्हणून तेच शिंदे-होळकरांकडे पैसे भरत, ती पालपट्टी. घोडा हाती राहिला म्हणजे धंदा चालू राहिला.

देशाभिमानी
पेंढाऱ्यांना लुटारू इंग्रजांनी ठरवलं. ते इंग्रजांशी लढले, हे विसरू नका.

रावेरचा
१८१६ च्या मार्चमध्ये गुंटूरकडची ३३९ गावं लुटली, ती शेतकऱ्यांचीच होती. आकडा इंग्रजांचा आहे, मान्य. पण आमच्या गावात अजून पेंढाऱ्यांचं नाव घेऊन पोरांना झोपवतात.

नाना डोंबिवलीकर
पुढे काय झालं या पेंढाऱ्यांचं? १८१८ मध्ये त्यांचा दुसरा सरदार करीमखान शरण गेला, त्याला गोरखपूरकडे जमीन मिळाली. चितूला असीरगडच्या रानात वाघाने खाल्लं. कारकून-शिलेदार मात्र काही मुकाट घरी परतले असतील. पुण्याला पेशवे दफ्तरात रुमाल (कागदांची गाठोडी) पाहा, पण आठ दिवसांत काही मिळणार नाही.

घाईतली
दफ्तर नंतर बघीन. आत्ताच काकांना फोन केला. घोंगडीचं सांगितलं तर गप्प बसले. मग म्हणाले, "पत्रं छापू नकोस, आणि तो डबा कुणाकडे आहे?" डबा माझ्याकडेच आहे. 'काशीयात्रेस' काढून 'नेमावरास' केलं, तर खोटं होणार नाही ना?

कागदपत्र मदत
रजिस्टर पाहिलंत का?