मॅनेजर गेला की नेमकं काय निखळतं? (१९ मेच्या निमित्तानं)

गोदाकाठ, नांदेड
सकाळी ग्रुपवर कुणीतरी ५-५ ची क्लिप टाकली आणि सगळं परत वर आलं. १९ मे २०१३, आपल्याकडचे रात्रीचे साडेआठ, वेस्ट ब्रॉमच्या मैदानावर फुटबॉल मॅनेजर फर्ग्युसनचा मँचेस्टर युनायटेडबरोबरचा १,५०० वा आणि शेवटचा सामना. युनायटेड ५-२ नं पुढं होती, पण हाफटाइमला वेस्ट ब्रॉमकडून बदली आलेल्या लुकाकूनं आपले तीन गोल पूर्ण केले आणि बरोबरी झाली. १९८६ च्या नोव्हेंबरात हा माणूस आला तेव्हा युनायटेड २२ संघांत २१ व्या नंबरवर होती. पहिला चषक १९९० ला, पहिली लीग १९९३ ला. जाताना ३८ चषक.

आणि २०२४ ला बघा, तीच तारीख, तीच वेळ, क्लॉपचा लिव्हरपूलमधला शेवटचा सामना. वुल्व्ह्जवर २-०. पण पुढचं सगळं उलटं. युनायटेड ८९ गुणांवरून पुढच्या वर्षी ६४ वर, सातव्या नंबरला. लिव्हरपूल मात्र पुढच्याच वर्षी ८४ गुण घेऊन चॅम्पियन.

हळहळ तर सगळ्यांनाच आहे. पण एकाकडं काय तुटलं आणि दुसऱ्याकडं काय जुळलं, हे ज्याला जसं दिसलं तसं लिहा. गावातल्या कोचबद्दल लिहिलं तरी चालेल.

लेफ्टबॅक_लातूर
एकच आकडा सांगतो. २०१२-१३ ला युनायटेडनं लीगमध्ये खाल्लेले गोल ४३. फर्ग्युसननंतर आलेल्या मोयेसच्या वर्षी खाल्लेले गोल पण ४३च. म्हणजे बचाव जिथल्या तिथं. मारलेले गोल ८६ वरून ६४ वर आले. सगळा खड्डा पुढच्या बाजूला पडलाय. स्ट्रायकर व्हॅन पर्सी आदल्या वर्षी ३८ च्या ३८ सामने खेळून २६ गोल, मोयेसकडं २१ सामने, १२ गोल.

कारण काय? फर्ग्युसन रोजचा सराव स्वतः घेतच नव्हता. कडेला उभा राहून बघायचा. सराव घेणारे हात वेगळे: नॉक्स, किड, मॅक्लारेन, केरोश, शेवटी फेलन आणि म्यूलेनस्टीन. मोयेस आला आणि फेलन, म्यूलेनस्टीन, गोलकीपर कोच स्टील असे तिघंही गेले. एव्हर्टनहून राउंड, लम्सडेन आणि क्रिस वूड्स आले. खेळाडूंच्या दृष्टीनं एकटा फर्ग्युसन गेला नाही, सकाळचा अख्खा सरावच बदलला.

९ फेब्रुवारी २०१४, फुलहॅमविरुद्ध ओल्ड ट्रॅफर्डवर ८० च्या वर क्रॉस टाकले आणि सामना २-२. बरोबरीचा गोल भरपाईच्या वेळेत. त्या दिवशी फुलहॅमच्या बाकावर कोच कोण होता? म्यूलेनस्टीन.

काळीमाती
अंगावर काटा आला राव. हे माहीतच नव्हतं.

रेड_जालना
@लेफ्टबॅक दादा, स्टाफचं पटतंय, पण तेवढंच धरलं तर लिव्हरपूलचं उत्तर मिळत नाही. तिथं पण लाइंडर्स, क्राविट्झ, मातोस हे मदतनीस कोच क्लॉपबरोबरच गेले. त्याच्या जागी स्लॉट आला तो आपली माणसं घेऊनच.

फरक वरच्या मजल्यावर आहे. युनायटेडमध्ये फर्ग्युसन आणि मुख्याधिकारी डेव्हिड गिल एकाच उन्हाळ्यात उठले. खेळाडू विकत घेताना फोन कुणाला करायचा, कुठं थांबायचं, हे ज्या दोघांना माहीत, ते दोघंही गेले. मोयेस आणि गिलच्या जागी आलेला वुडवर्ड, दोघंही १ जुलैला नवे. एव्हर्टनच्या फेलायनीला २३.५ दशलक्ष पौंडांत सोडायची अट करारातच होती, ती जुलैअखेर संपली. घेतला कधी? बाजार बंद होण्याच्या रात्री, २७.५ ला. एका महिन्याच्या उशिराचे चार दशलक्ष.

लिव्हरपूलमध्ये क्लॉपनं जाणार म्हणून २६ जानेवारीलाच सांगितलं. मार्चमध्ये जुना स्पोर्टिंग डायरेक्टर एडवर्ड्स वरच्या पदावर परत आला, मग स्पोर्टिंग डायरेक्टर म्हणून ह्यूजेस. मॅनेजर निवडायच्या आधी मॅनेजर निवडणारी माणसं बसवली. मग स्लॉट. आणि त्यानं आल्या आल्या संघ उपसला नाही. त्या उन्हाळ्यात येऊन खेळलेला नवा माणूस एकटा किएसा. ग्राव्हनबर्खला मागं आणून सहा नंबरला, म्हणजे बचावाच्या जरा पुढं, लावला, बाकी गाडं आहे तसं.

गनर_परभणी
आमच्या म्हाताऱ्याला, आर्सेनलच्या वेंगरला, कुणी विचारायलंच नाही! २२ वर्षं, १,२३५ सामने, ३ लीग, ७ एफए कप. २००३-०४ ला ३८ सामन्यांत २६ विजय, १२ बरोबरी, हार शून्य. आधीच्या आणि पुढच्या सीझनचे काही धरून लीगमध्ये सलग ४९ सामने कुणाला हरवता आलं नाही.

वेंगरचं वेगळं होतं. जेवणात काय, करार कुणाचा किती, अकादमीतून कोण वर, सगळं त्याच्याच डोक्यात. असा माणूस गेला की त्या खुर्चीवर दुसरा माणूस मावत नाही, म्हणून क्लबनं खुर्चीचे भाग केले. त्याच्यानंतर आलेल्या एमरीला 'मॅनेजर' म्हटलंच नाही, 'हेड कोच' म्हटलं. खेळाडू हेरायला मिस्लिंटाट, वाटाघाटीला सान्येही, वर मुख्याधिकारी गाझिडिस. कागदावर एकदम नीट. पण गाझिडिस २०१८ लाच मिलानला गेला, मिस्लिंटाट २०१९ च्या फेब्रुवारीत, एमरी नोव्हेंबरात. भाग केले ते बरोबरच होतं हो, पण धरणारेच निघून गेले.

६ मे २०१८, बर्नली ५-०, घरचा शेवटचा सामना. ते भाषण अजून पूर्ण बघवत नाही.

बीडकर_ताई
गनर दादा, आमच्याकडंही तसंच आहे. क्लॉपचा तो मुठी उगारण्याचा शेवटचा क्षण लागला की घरात कुणीच बोलत नाही.

ऑफसाईड_संभाजीनगर
कधी सांगायचं यावर कुणी लिहीना म्हणून लिहितो. फर्ग्युसननं २००१-०२ चा सीझन सुरू होण्याआधीच शेवटचं वर्ष म्हणून सांगून टाकलं होतं. संघ ढिला पडला, फेब्रुवारीत त्यानं निर्णय फिरवला, तरी युनायटेड तिसरी आली. लवकर सांगणं चूक होती असं त्यानं नंतर स्वतः म्हटलंय. म्हणून २०१३ ला ८ मेपर्यंत गुपित. २२ एप्रिलला व्हिलावर ३-० करून लीग खिशात, मग घोषणा.

आता दुसरी बाजू. क्लॉपनं सांगितलं तेव्हा लिव्हरपूल अव्वल होती. लीग कप जिंकला, पण मग एफए कपात युनायटेडकडून ४-३, युरोपात अटलांटाकडून बाहेर, लीगमध्ये तिसरी. म्हणजे लवकर सांगितलं की चालू वर्षाची धार जाते आणि उशिरा सांगितलं की पुढच्या माणसाची तयारी जाते. दोन्हीपैकी एक जाणारच. क्लबनं आपलं काय जाऊ द्यायचं ते ठरवावं. माझं मत क्लॉपच्या बाजूनं. एक वर्ष गेलं तरी चालेल, पुढची पाच वाचतात.

लेफ्टबॅक_लातूर
@रेड_जालना मुद्दा मान्य. वय पण धरा. २०१३ च्या उन्हाळ्यात फर्डिनंड ३४, एव्हरा ३२, विडिच ३१, गिग्ज ३९, आणि स्कोल्स थांबला. तो संघ चालवायला फर्ग्युसनच पाहिजे होता. कुणाला कोणत्या शनिवारी बसवायचं, हे त्याला २६ वर्षांच्या सवयीनं कळायचं.

इन्व्हर्टरवाला
आज रात्री जुने सामने लावणार असाल तर, लाईट गेली की काय होतं ते आधी बघून ठेवा. १५० एएचची एक बॅटरी म्हणजे कागदावर १,८०० वॅट-तास, हाताला लागतात ११००-१२००. दिव्याचा प्रोजेक्टर ३००, स्पीकर ५०, राउटर आणि बॉक्स ३०, दोन पंखे १५०. मिळून सव्वापाचशेच्या वर. दोन तास कसेबसे, आणि सामना हाफटाइम धरून तेवढाच असतो. ९० व्या मिनिटाला बंद पडणार. पंखे मेन लाईनवर ठेवा, नाहीतर ४३ इंची टीव्ही लावा, शंभर वॅटमध्ये काम होतं. आणि प्रोजेक्टरचा प्लग लगेच ओढू नका, आतला पंखा थांबेपर्यंत थांबा. दिवा त्यानंच उडतो.

बीडकर_ताई
हाफटाइमला सुशीला करणाऱ्यांनी लक्षात घ्या, किलोभर मुरमुरे १५-१६ जणांना पुरतात. फोडणी, शेंगदाणे, कांदा सामन्याआधी करून ठेवा. मुरमुरे ४० व्या मिनिटाला भिजवून लगेच पिळा, डाळ्याचं कूट वरून. आधी कालवून ठेवलं की लगदा होतो.

गनर_परभणी
ताई 🙏 ४० व्या मिनिटाला. लिहून घेतलं.

अप्पा_धाराशिव
सगळे इंग्लंडमध्येच फिरायलेत, म्हणून जरा घराकडं आणतो. सय्यद अब्दुल रहीम. हैदराबाद सिटी पोलिसांचा आणि भारताचा कोच. पेशानं शिक्षक. १९५० ते ५४ सलग पाच वर्षं हैदराबाद पोलिसांनी मुंबईत जाऊन रोव्हर्स कप उचलला. त्या वेळी मराठवाड्याचे तेव्हाचे पाचही जिल्हे हैदराबाद राज्यातच होते. १९५६ च्या नोव्हेंबरात आपण मुंबई राज्यात आलो. म्हणजे तो संघ आपल्याच राज्याचा होता. हे पोरांना कुणी सांगतच नाही.

५२ च्या ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाकडून १०-१. त्यानंतर मागं तिसरा बॅक लावायची पद्धत रहीमसाहेबांनी रुजवली. ५६ ला मेलबर्नमध्ये चौथा नंबर. ६२ ला जकार्ताचं एशियाड, पहिला सामना दक्षिण कोरियाकडून ०-२. जर्नेलसिंग बॅक, त्याच्या कपाळाला टाके पडलेले. साहेबांनी त्याला पुढं सेंटर फॉरवर्डला उभा केला. सेमीफायनलला गोल, फायनललाही गोल. ४ सप्टेंबरला त्याच कोरियावर २-१, सुवर्ण.

पुढच्या वर्षी ११ जूनला कॅन्सरनं गेले. निवृत्तीचा सामना नाही, भाषण नाही. आणि कुणाच्या हातात काय सोपवायचं याचा वेळच मिळाला नाही. ६४ ला इंग्रज कोच हॅरी राइटच्या हाताखाली तोच बांधलेला संघ आशियाई कपात दुसरा आला, तेवढी पुण्याई पुरली. एशियाडचं फुटबॉल सुवर्ण तेव्हापासून आजपर्यंत नाही. १९७० चं एक कांस्य, बस.

गोदाकाठ, नांदेड
अप्पा, याच्यासाठीच लिहायला सांगितलं होतं. 🙏🙏

काळीमाती
अप्पा, डाव्या पायाच्या स्पर्धा त्यांच्याच ना?

अप्पा_धाराशिव
हो. पोरांसाठी दोन प्रकारच्या स्पर्धा घ्यायचे. एकात ड्रिबलिंग बंद, बॉल आला की पास. दुसऱ्यात कमजोर पायानंच खेळायचं. आजही सहज घेता येतात. सात-सात पोरं, ४० बाय २५ मीटर, दहा-दहा मिनिटं. चालता पाय लागला की समोरच्यांना फ्री किक. पहिले दोन दिवस पोरं चिडतात, कारण बॉल कुठंही जातो. आठवड्यानं पोरगं बॉल येण्याआधीच अंग वळवून उभं राहायला लागतं. तेच शिकवायचं असतं.

रेड_जालना
युनायटेडचा जुना मॅनेजर बसबी, त्याचं पण राहिलं. १९६९ ला सोडलं पण ऑफिस तिथंच ठेवलं. ३१ वर्षांच्या मॅकगिनेसला कोच केला, दीड वर्षात काढला, बसबीच परत आला. ७४ ला युनायटेड खालच्या डिव्हिजनला. त्याच ७४ ला मॅनेजर शँकलीनं लिव्हरपूल सोडलं, पण तिथं बॉब पेझली आधीपासून आतच होता. १९३९ पासून. तोच मॅनेजर झाला, नऊ वर्षांत ६ लीग, ३ युरोपियन कप.

फक्की_हिंगोली
गावाकडचं लिहितो. ज्यांचे पीटी सर ३१ मेला रिटायर व्हायलेत त्यांनी नारळ-शालीच्या आधी हे बघा.

ऑनलाइन नोंदणी कुणाच्या मोबाईलवर आहे? बहुतेक सरांच्याच. ओटीपी त्यांच्या फोनवर जातो. सर गावी गेले, नंबर बदलला की संघाची एन्ट्री अडकते, ती पण शेवटच्या तारखेला. सर असतानाच नंबर आणि ईमेल बदलून घ्या. पोरांचे जन्मदाखले मूळ पालकांकडं, झेरॉक्स फाईलला. वयाची तपासणी झाली की शाळेच्या रजिस्टरची तारीख आणि आधारची तारीख जुळत नाही, हा घोळ दरवर्षी. आत्ताच जुळवा, जूनमध्ये कार्यालयात गर्दी असते.

सामान मोजून घ्या. १२ वर्षांच्या आतल्यांना ४ नंबरचा बॉल, वरच्यांना ५. हवा ८.५ ते १५.६ पीएसआय चालते, पण आपल्या मुरमाड मैदानावर ९-१० च ठेवा, जास्त भरली की शिलाई उसवते. सुई ग्लिसरीन लावून घाला, कोरडी घातली की वॉल्व्ह फाटतो आणि सगळे म्हणतात बॉल खराब निघाला.

फक्की मारायची मापं सरांच्या पावलात असतात, कागदावर नसतात. लिहून घ्या: गोल ७.३२ बाय २.४४, मोठा डबा १६.५, पेनल्टी ११, मधल्या वर्तुळाची त्रिज्या ९.१५ मीटर.

मातीचं तर सरांनाच विचारा. काळ्या रानात पाऊस झाल्यावर बुटाला ढेकूळ चिकटत असेल तर त्या दिवशी खेळवू नका. स्टडचे खड्डे वाळून दगड होतात आणि ऑक्टोबरात घोटे मुरगळतात. कोणत्या कोपऱ्यात पाणी साचतं, कुठं मुरूम टाकला की निचरा होतो, हे त्यांना वीस वर्षांच्या चालण्यानं माहीत आहे. एक सकाळ त्यांच्यासोबत मैदान फिरा, वही घेऊन.

लेफ्टबॅक_लातूर
@फक्की हे लई कामाचं लिहिलंत. मुरूम किती जाडीचा टाकता?

फक्की_हिंगोली
चार इंच, दोन थरात. पहिला दोन इंच टाकून पाणी मारायचं, रोलर, मग दुसरा. एकदम टाकला की पावसात खालची काळी माती वर येते. आणि चाळून घ्या, खडे राहिले की गोलकीपरचे कोपर जातात.

बीडकर_ताई
आज ५-५ लावायलात ना सगळे? मी मुरमुरे आणायला चालले.

इन्व्हर्टरवाला
बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर बघा आधी. साडेआठला भेटू.