कुलंटमध्ये वनस्पती तेल: कुपवाड-मिरजेच्या शॉपला परवडेल का?

कुपवाडचा लेथ
माझं मत आधीच सांगतो: परवडेल, आणि सुरुवात आपण छोट्या मशीन शॉपवाल्यांनीच करावी. बारा वर्षं लेथवर उभा आहे. कुलंटने, म्हणजे धातू कापताना थंडावा आणि वंगण म्हणून सोडतात त्या द्रवाने, कोपरापर्यंत पुरळ उठतं, घरी लेकराला उचलून घ्यायलाही नको वाटतं. वनस्पती तेलाचे रेणू ध्रुवीय असतात, म्हणजे त्यांच्या एका टोकाला विद्युतभाराची ओढ असते, ते धातूला धरून बसतात. म्हणून टॅपिंग (भोकात आटे पाडणं), रीमिंग (भोक नेमक्या मापाचं करणं) यांसारख्या संथ पण दाबाच्या कामात ते साध्या खनिज तेलाहून चांगलं वंगण देतं. पेट घ्यायचं तापमानही जास्त, त्यामुळे धूर कमी. शिवाय ते निसर्गात लवकर कुजून जातं. आमचे मिस्त्री टॅपला खोबरेल लावायचे ते उगाच नाही.

मिरज व्हीएमसी
दादा, माझा विरोध आहे. चार टॅपपुरतं खोबरेल ठीक, पण व्हीएमसीसारख्या (उभ्या स्पिंडलच्या संगणकी मशीन) मशीनमध्ये महिनाभर फिरवून बघा. हवा लागली की बरीचशी वनस्पती तेलं घट्ट होतात. मागच्या उन्हाळ्यात आम्ही सोयाबीन तेलाचं कुलंट भरलं होतं. दोन महिन्यांत स्लाइडच्या (मशीनच्या सरकत्या भागाच्या) कव्हरवर लाखेसारखा थर बसला, खरवडण्यात अख्खी शिफ्ट गेली. शिवाय वनस्पती तेल लवकर कुजतं म्हणून तुम्ही त्याला चांगलं म्हणता. मग ते टाकीत कुजणार नाही का? रविवारी पंप बंद राहिला की सोमवारी जो वास येतो, तो बॅक्टेरियाचाच असतो.

कुपवाडचा लेथ
थराचं बरोबर आहे. सोयाबीन तेलात निम्म्याच्या आसपास लिनोलिक आम्ल असतं, घट्ट होतं ते त्यामुळेच. त्याऐवजी हवेने सहज घट्ट न होणारं ओलिक आम्ल जास्त असलेलं तेल घ्यावं. करंजाच्या तेलात ते भरपूर असतं आणि ते खायचं तेल नाही, म्हणजे कुणाच्या फोडणीतून काढून घेतल्यासारखंही होत नाही. कुजण्याचं म्हणाल तर टाकीच ठेवू नका. एमक्यूएलमध्ये (कमीत कमी तेलात वंगण द्यायची पद्धत) हवेच्या झोतातून तासाला साधारण 10 ते 100 मिली तेल सोडतात. ते तिथंच संपतं.

पलूसची इंजिनिअर
पण झोत उष्णता वाहून नेत नाही, हे कुणी लिहिलंच नाही. स्टेनलेसमध्ये खोल ड्रिल किंवा ग्राइंडिंग असेल तर पाणी लागतंच. अमेरिकन इंजिनिअर टेलरने 1906 च्या शोधनिबंधात हेच मांडलं होतं: टूलवर पाण्याची भरपूर धार सोडली की कापण्याचा वेग सुमारे 40 टक्क्यांनी वाढवता येतो. उलट आपल्या भागातले पंपाचे बिडाचे जॉब (कापायचे भाग) कितीतरी ठिकाणी कोरडेच कापतात, कारण बिडातलं ग्राफाइटच वंगणाचं काम करतं. तेव्हा आधी जॉब बघा, मग तेल. आणि झोतातून उडणारा तुषार वनस्पती तेलाचा असला तरी फुफ्फुसात जातोच. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेने कुलंटच्या तुषाराची शिफारस केलेली मर्यादा घनमीटरला 0.4 मिलिग्रॅम आहे. झाकण आणि एक्झॉस्ट बसवल्याशिवाय एमक्यूएल सुरू करू नका.

सातारा एमआयडीसी
एक कळकळीची विनंती. झाडाचं तेल आहे म्हणून कुणी गटारात ओतू नका. टाकीत स्लाइडचं गळलेलं खनिज तेल आणि धातूचा चुरा मिसळलेलाच असतो. नुसतं वनस्पती तेल ओढ्यात गेलं तरी कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं, मासे मरतात. आमचे ओढे शेवटी कृष्णेलाच मिळतात.

मिरज व्हीएमसी
ताईंचं पटलं. तरी व्हीएमसीच्या टाकीत मी हे तेल भरणार नाही. टॅपिंग मशीनवर मात्र बघायला तयार आहे. दादा, करंज तेल आणाल तेव्हा पाच लिटर माझ्यासाठी ठेवा. एम 8 चा (8 मिमी आट्यांचा) टॅप आत्ताच्या तेलावर किती भोकं टिकतो, ते उद्यापासून लिहून ठेवतो.